एक्सप्लेनर : अस्तित्वात नसलेल्या देशाचा नकाशा कसा काढतात? सॉफ्टवेअर कोणते आणि नद्यांचे नियम काय?

पुस्तक उघडताच पहिल्या पानावर नकाशा, हे फँटसी कादंबऱ्यांच्या वाचकांना ओळखीचे दृश्य. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेची सुरुवातही नकाशावरून फिरणाऱ्या कॅमेऱ्यानेच होते. पूर्वी असे नकाशे शाईने कागदावर निघत. आता मोफत सॉफ्टवेअरवर हौशी लेखक आणि गेम बनवणारेही ते काढतात. डोंगर सुबक, रंग छान, तरीही नकाशा खोटा वाटतो, असा अनुभव मात्र अनेक नवशिक्यांना येतो. असे का होते?

आधी नकाशा की आधी कथा?

जे. आर. आर. टॉल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना आधी नकाशा काढला आणि कथा त्यात बसवली. कारण व्यवहारी होते. पात्रे महिनोन्महिने पायी चालतात. अंतर आणि दिवस जुळले नाहीत तर वाचकाला ते लगेच खटकते. म्हणून पहिला निर्णय प्रमाणाचा. एक सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर? अंदाजासाठी वारीचे उदाहरण घेता येईल. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर पालखी सोहळा मुक्काम करत जवळपास तीन आठवड्यांत पार करतो. कथेतले मोठे सैन्य तेवढेच अंतर दोन दिवसांत चालून गेले, तर गडबड आहे.

सर्वाधिक चुका कुठे होतात?

नद्यांमध्ये. पाणी उताराकडे वाहते आणि वाटेत उपनद्या येऊन मिळतात. म्हणजे नद्या खाली जाताना एकत्र येतात, फुटत नाहीत. समुद्राजवळचा त्रिभुज प्रदेश हा मुख्य अपवाद. व्हेनेझुएलात ओरिनोको नदीतून कासिकियारे हा फाटा निघून ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो, पण अशी उदाहरणे विरळाच. तलावातूनही सहसा एकच नदी बाहेर पडते.

नदी जवळच्या समुद्राकडेच जाईल, हाही गैरसमज. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तरीही पठाराचा उतार पूर्वेकडे असल्याने ती १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते.

पावसाचेही तसेच. बाष्पाने भरलेले वारे डोंगरावर चढताना पाऊस पाडतात आणि पलीकडची बाजू कोरडी राहते. महाबळेश्वर आणि पायथ्याच्या वाईतील पावसाचा फरक हे त्याचे घरचे उदाहरण. काल्पनिक देशात वारा कोणत्या दिशेने येतो हे ठरवले, की जंगल कुठे आणि माळरान कुठे याचे उत्तर आपोआप मिळते.

सॉफ्टवेअर कोणते वापरावे?

सुरुवातीला पैसे खर्च करण्याची गरज नाही. चित्रकलेसाठी ‘क्रिता’ आणि फोटो संपादनासाठी ‘गिम्प’ ही दोन्ही मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहेत. आयपॅडवर ‘प्रोक्रिएट’ लोकप्रिय आहे. खास नकाशांसाठी ‘वंडरड्राफ्ट’ आणि ब्राउझरमध्ये चालणारे ‘इंकार्नेट’ आहे. त्यांत डोंगर, झाडे, किल्ले यांचे तयार ठसे मिळतात. ‘अझगार्स फँटसी मॅप जनरेटर’ तर एका क्लिकवर नद्या आणि राज्यांसह अख्खे जग उभे करतो. मात्र तयार ठशांमुळे अनेक नकाशे एकसारखे दिसतात. शिवाय पुस्तकात किंवा विक्रीच्या गेममध्ये असे ठसे वापरण्याआधी परवान्याच्या अटी वाचणे आवश्यक.

काम कोणत्या क्रमाने करावे?

छपाईसाठी ए-फोर आकार ३०० डीपीआयला घेतल्यास कॅनव्हास २,४८० बाय ३,५०८ पिक्सेलचा होतो. लहान कॅनव्हास नंतर ताणला की रेषा फाटतात. त्यानंतर प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेअरवर ठेवावी. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. क्रम साधारण असा : समुद्र, जमीन, डोंगर, नद्या, जंगले, रस्ते व सीमा आणि सर्वात वर नावे. राज्याची सीमा बदलली तरी खालच्या नदीला धक्का लागत नाही. किनारा हाताने काढताना फार गुळगुळीत होतो. गिम्पमधील ‘सॉलिड नॉइज’ फिल्टरने ढगांसारखा पोत तयार करून, त्याला काळे-पांढरे केले की दंतुर किनारा मिळतो.

मराठी नावे लिहिताना अडचण का येते?

काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटतात, वेलांटी भलत्याच जागी जाते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइप सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय निवडल्यास हे टळत असे. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे युनिकोड फॉन्ट मोफत असून व्यावसायिक कामातही वापरता येतात.

मूळ फाइल का जपावी?

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांना ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८१ मध्ये रंगवलेल्या एका बेटाच्या नकाशावरून सुचली. पुस्तक छापायला दिले तेव्हा तो नकाशा प्रकाशकापर्यंत पोहोचलाच नाही. मग कादंबरीतला प्रत्येक उल्लेख तपासत त्यांना नकाशा नव्याने आखावा लागला आणि तो त्यांना कधीच आपला वाटला नाही. आज जेपीईजी पाठवताना लेअर असलेली मूळ फाइल दुसऱ्या ठिकाणी जपून ठेवली, तर ही वेळ येत नाही.