परिचर्येतील कार्यवाटप व नेतृत्व

रुग्णशुश्रूषेची कामे निकडीनुसार क्रमाने लावणे, त्यांपैकी योग्य ती सहकाऱ्यांकडे सोपविणे आणि त्यांच्या परिणामांचे उत्तरदायित्व स्वीकारणे, यांचा समावेश परिचर्येतील नेतृत्वात होतो. असे नेतृत्व अधिसेविका वा परिसेविका या पदांपुरते मर्यादित नाही. रात्रपाळीत एकटीने कक्ष सांभाळणाऱ्या अधिपरिचारिकेलाही ते करावे लागते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी क्रिमियन युद्धाच्या वेळी १८५४ पासून स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात केलेल्या कार्यात शुश्रूषेइतकाच व्यवस्थापनाचाही भाग होता. आपण हजर नसतानाही आवश्यक ती कामे होत राहतील अशी व्यवस्था लावणे, हा चांगल्या शुश्रूषेचाच भाग होय, हा विचार त्यांनी नोट्स ऑन नर्सिंग (१८५९) या पुस्तकात मांडला.

अग्रक्रम : प्रथम श्वसनमार्ग, नंतर श्वसन व त्यानंतर रक्ताभिसरण, हा क्रम सामान्यतः पाळला जातो. तथापि मोठ्याने तक्रार करणारा रुग्ण सर्वांत अत्यवस्थ असतोच असे नाही. शस्त्रक्रियेनंतर शांत पडून असलेल्या रुग्णाची नाडी जलद होत असेल आणि लघवीचे प्रमाण घटत असेल, तर अंतर्गत रक्तस्रावाची शंका घेऊन त्याच्याकडे आधी जावे लागते. रुग्णाची अवस्था पालटताच क्रमही बदलावा लागतो. म्हणून अग्रक्रम पाळीच्या प्रारंभी एकदाच ठरवून भागत नाही.

कार्यवाटप : अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात काम सोपविण्याच्या पाच कसोट्या रूढ झाल्या : योग्य काम, योग्य परिस्थिती, योग्य व्यक्ती, योग्य सूचना आणि योग्य देखरेख. अंथरूण बदलणे, अंग पुसणे, स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला भरविणे यांसारखी कामे आया वा कक्षसेवक यांच्याकडे देता येतात. परंतु पक्षाघातामुळे ज्याला गिळताना त्रास होतो, त्याला भरविताना अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असल्यामुळे तेच काम प्रशिक्षित परिचारिकेचे ठरते. रुग्णाच्या स्थितीचे मूल्यमापन, शुश्रूषेची योजना आणि तिच्या परिणामांविषयीचा निर्णय ही कामे अप्रशिक्षित व्यक्तीकडे सोपविता येत नाहीत. सूचना नेमकी असावी लागते : ‘लक्ष ठेवा’ असे सांगण्याऐवजी काय पाहावयाचे, किती वेळाने व कोणता बदल दिसताच कळवावयाचे, हे सांगणे आवश्यक असते. काम स्वीकारणारी व्यक्ती ते नीट करण्यास जबाबदार असते. मात्र ते सोपविण्याच्या निर्णयाचे उत्तरदायित्व परिचारिकेकडेच राहते.

नीतितत्त्वे : रुग्णाची स्वायत्तता, त्याचे हित, त्याला अपाय न करणे आणि न्याय ही तत्त्वे आधारभूत मानली जातात. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने (स्थापना १८९९) आपली आचारसंहिता १९५३ मध्ये स्वीकारली. तिची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात परिचर्या-शिक्षणात एकसूत्रता आणण्यासाठी भारतीय परिचर्या परिषद अधिनियम १९४७ मध्ये झाला. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग अधिनियम संमत केला.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात या तत्त्वांमधील संघर्ष ठळकपणे दिसून आला. १९७३ मधील हल्ल्यात त्यांच्या मेंदूस गंभीर इजा झाली. त्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांचे पोषण थांबविण्याच्या मागणीस रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती मागणी फेटाळली. मात्र विशिष्ट अटींवर जीवनाधार काढून घेण्यास तत्त्वतः मान्यता दिली. स्वतःची इच्छा व्यक्त करू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न त्यामुळे सर्वांपुढे आला.

नेतृत्व : संदिग्ध वा शंकास्पद वैद्यकीय आदेश तसाच न पाळता त्याविषयी पुन्हा विचारणे, हे परिचारिकेचे कर्तव्य होय. जेथे चूक कळविणाऱ्यास केवळ शिक्षा होते, तेथे चुका लपविल्या जातात आणि त्यांचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात. म्हणून विचारण्याचे व कळविण्याचे भय सहकाऱ्यांना वाटू नये, असे वातावरण कक्षात राखणे, हे नेतृत्वाचे महत्त्वाचे कार्य ठरते. परिचारिकांची संख्या अपुरी असल्यास उत्तम कार्यवाटपानेही ती उणीव भरून निघत नाही. अशा वेळी ती वस्तुस्थिती वरिष्ठांना लेखी कळविणे हाही नेतृत्वाचाच भाग होय.