गव्हाची बिअर आणि कोकणची माडी : किण्वनप्रक्रियेचा तौलनिक परिचय

प्रस्तावना :
मालवण तालुक्यातील मसुरे हे गड नदीकाठचे गाव ज्या किनारपट्टीत येते, तेथे नारळाची माडी हे परंपरेने चालत आलेले किण्वित पेय होय. माल्ट-अर्कापासून घरी तयार होणारी गव्हाची फिकट बिअर पाश्चात्त्य घरांत रुजली आहे. दोहोंमागील जीवशास्त्र एकच आहे. त्यांतील साम्यभेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कच्चा माल :
माडाच्या पोयीतून पाझरणाऱ्या रसात शर्करा तयार स्वरूपात असते. गव्हात मात्र पिष्ट असते आणि यीस्टला ते थेट पचत नाही. म्हणून धान्य भिजवून मोड आणतात व वाळवतात. यालाच माल्ट म्हणतात. मोड येताना निर्माण झालेली विकरे पुढे गरम पाण्यात पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. गहू व सातू यांच्या माल्टपासून काढलेला हा गोड द्रव आटवला की माल्ट-अर्क मिळतो. थोडक्यात, माडाने जे आयते दिले ते धान्याकडून करवून घ्यावे लागते.

बिअरची कृती :
सुमारे २० लिटर बिअरसाठी पावणेतीन किलो कोरडा माल्ट-अर्क लागतो. हॉपच्या फुलांसह द्रव सुमारे तासभर उकळतात. त्यामुळे कडवटपणा येतो व काही जिवाणूंची वाढ रोखली जाते. रंग फिकट राहावा म्हणून बराचसा अर्क उकळीच्या अखेरीस घालतात, कारण दीर्घकाळ उकळल्यास शर्करा व अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेने रंग गडद होतो. द्रव २० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड झाल्यावर निर्जंतुक भांड्यात यीस्ट मिसळतात. बव्हेरियन यीस्टमुळे केळी व लवंगेसारखा गंध येतो, तर प्रथिने व तरंगते यीस्ट यांमुळे गढूळपणा येतो. सुमारे आठ-दहा दिवसांत साधारण ५ टक्के अल्कोहोल तयार होते.

तापमान व काळ :
किनाऱ्यावरील उन्हाळ्यात तापमान ३० अंशांच्या वर जाते, शिवाय किण्वनातूनही उष्णता निर्माण होते. अशा स्थितीत यीस्ट तीव्र वासाची उच्च अल्कोहोले निर्माण करते. माडीला हा प्रश्न निराळ्या रीतीने भेडसावतो. तिच्यात हवेतील व भांड्यातील यीस्टबरोबर जिवाणूही काम करतात; काही तासांत मद्य बनते व पुढे ॲसिटिक आम्लामुळे तिचे शिर्क्यात रूपांतर होऊ लागते. म्हणूनच ती ताजी पितात. मडक्याला आतून चुना लावल्यास किण्वन लांबते व गोड नीरा मिळते. बिअरकर्ता काळजीने जंतू दूर ठेवतो. माडी काढणारा त्यांच्या वेगाशी जुळवून घेतो.

शासन व किण्वन :
बव्हेरियात गव्हाची बिअर दीर्घकाळ राजघराण्याचा विशेषाधिकार होती. १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर यांना ती बनविण्याचा हक्क मिळाला. याउलट, मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवरील सरकारी नियंत्रण अधिक घट्ट झाले व त्याची झळ माड छेदणाऱ्या भंडारी समाजाच्या व्यवसायाला बसली. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार आजही महाराष्ट्रात परवान्याविना मद्य बनविणे गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला संघराज्य पातळीवर मुभा मिळाली. म्हणून वर वर्णिलेली कृती येथे केवळ अभ्यासाचा विषय ठरते.

समारोप :
प्रयोगशाळेत किण्वन शिकविण्यासाठी मद्याचीच गरज आहे असे नाही. आंबोळीचे पीठ रात्रभर कसे फुगते, चुना लावलेल्या मडक्यात रस गोड का राहतो, हे प्रश्न मसुऱ्याच्या परिसरातील विद्यार्थ्याला परिचित आहेत. बिअरचे शास्त्र ग्रंथबद्ध झाले. माड छेदणाऱ्याचे ज्ञान बव्हंशी हातात व स्मरणात राहिले. हात थांबले की तेही थांबते. ते लिहून घेणे हे जीवशास्त्र व समाजशास्त्र या दोन्ही विभागांचे समान कार्य आहे.