नाव दुकानाचं, पण दुकानात रेकॉर्डच नाही!

बँडचं नाव 'बिग स्टार'. पहिल्या अल्बमचं नाव 'नंबर वन रेकॉर्ड'. आणि खप? दहा हजारांच्या आत! आत्मविश्वास असावा तर असा. नशिबाचं मात्र विचारू नका.

चला, थेट मेम्फिसला! अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं हे गाव म्हणजे एल्विसचं गाव. तिथं १९७१ मध्ये चार पोरं जमली: अ‍ॅलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स. जमाना होता लांबलचक गिटार सोलोंचा. यांना मात्र हवी होती बीटल्स आणि बर्ड्सच्या वळणाची छोटी, चकचकीत, एकत्र सूर लावून म्हणायची गाणी. बीटल्स तर १९७० मध्येच फुटलेले. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर. वय विशीचं, सूर साठीचा!

या प्रकाराला म्हणतात 'पॉवर पॉप'. हा शब्द कुणाचा, माहीत आहे का? 'द हू'च्या पीट टाउनशेंडचा. साल १९६७. रेसिपी सोपी: गोडमिट्ट चाल आणि वर झणझणीत गिटार. पुरणपोळीबरोबर ठेचा!

आता नावाची गंमत. हे रेकॉर्डिंग करायचे आर्डेंट स्टुडिओत. समोर सुपरमार्केट, पोटपूजेची सोय तिथंच. त्या सुपरमार्केटच्या साखळीचं नाव काय, माहीत आहे का? बिग स्टार! यांनी पाटी वाचली आणि बँडचं बारसं उरकलं. 'अपना बाजार' नावाचा रॉक बँड डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.

आणि इथंच सगळ्यात मोठा जोक झाला. १९७२ मध्ये अल्बम आला. समीक्षक खूश! पण माल दुकानांत पोहोचवायची जबाबदारी होती स्टॅक्सकडे. स्टॅक्स म्हणजे सोल संगीतातलं बडं प्रस्थ, ओटिस रेडिंग आणि आयझॅक हेजचं घर. गिटारवाली गोरी पोरं कुठल्या दुकानात, कुणाला विकायची, याचा त्यांना काही अंदाज नव्हता. मग स्टॅक्सनं कोलंबिया कंपनीशी वितरणाचा करार केला. आता तरी गाडी रुळावर? छे! कोलंबियाला स्टॅक्सच्या जुन्या छोट्या वितरकांशी व्यवहारच नको होता. दुकानांत होत्या त्या प्रतीसुद्धा उचलल्या गेल्या. लोक कौतुक वाचून दुकानात जायचे आणि हात हलवत परत यायचे. ज्या बँडचं नावच दुकानाच्या पाटीवरून घेतलेलं, त्याचा माल दुकानात नाही!

बेल वैतागून १९७२ च्या अखेरीला बाहेर पडला.

चिल्टनला मात्र नंबर वनची चव आधीच कळलेली होती. 'द लेटर' आठवतंय? १९६७ मध्ये चार आठवडे अमेरिकेत अव्वल. बँड होता बॉक्स टॉप्स, आणि तो घोगरा, पिकलेला आवाज होता चिल्टनचा. वय? फक्त १६! गाण्याची लांबी दोन मिनिटांच्याही आत. तेवढ्यात इन्स्टंट नूडल्सही होत नाहीत.

बिग स्टारच्या दुसऱ्या अल्बमचं, 'रेडिओ सिटी'चं कव्हर बघितलंय? लालभडक छत, मधोमध उघडा बल्ब, त्याला लोंबणाऱ्या पांढऱ्या वायरी. फोटो विल्यम एगलस्टनचा, आज रंगीत छायाचित्रणातला क्लासिक मानला जाणारा. म्हणजे कव्हरसुद्धा काळाच्या पुढे, आणि खप पुन्हा मागेच.

तिसऱ्या अल्बमला 'सिस्टर लव्हर्स' असंही नाव आहे. का, माहीत आहे का? चिल्टन आणि स्टीफन्स तेव्हा दोन सख्ख्या बहिणींच्या प्रेमात होते! रेकॉर्डिंग १९७४ चं, अल्बम बाहेर पडला १९७८ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात बेल कार अपघातात गेला. वय २७.

जरा मागे जाऊ. मे १९७३ चा किस्सा तर भारीच. रॉकवर लिहिणाऱ्यांची युनियन काढायची म्हणून देशभरातल्या समीक्षकांना मेम्फिसला बोलावलं. तिथं बिग स्टार वाजवायला उभे राहिले आणि एरवी हाताची घडी घालून ऐकणारी ही मंडळी चक्क नाचली. युनियन राहिली बाजूला, बँडला आजन्म प्रचारक मिळाले!

आता कबुलीजबाब. 'दॅट सेव्हंटीज शो' या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत मी कित्येक वर्षं चीप ट्रिक या बँडचंच समजत होतो. गातात तेच, पण मूळ गाणं 'इन द स्ट्रीट', बिग स्टारच्या पहिल्याच अल्बममधलं. चिल्टननं सांगितलं होतं की मालिका लागली की दर वेळी आपल्याला मिळतात ७० डॉलर. म्हणून तो त्या मालिकेला 'सत्तर डॉलर शो' म्हणायचा. हाच माणूस मध्यंतरी न्यू ऑर्लिन्सला हॉटेलात भांडी घासत होता.

१७ मार्च २०१० ला तो गेला. तीनच दिवसांनी ऑस्टिनला बँडचा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द झाला नाही, श्रद्धांजली म्हणून झाला.

शेवटचा फटाका! बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'सप्टेंबर गर्ल्स'. इंग्रजी स्पेलिंग नीट बघा: 'गर्ल्स'मध्ये आयच्या जागी यू. २०१० मध्ये केटी पेरीचं 'कॅलिफोर्निया गर्ल्स' आलं, त्यातही तोच यू. चूक? अजिबात नाही. तिचा मॅनेजर मिसिसिपीचा, बिग स्टारचा भक्त. चिल्टन गेल्यावर त्यानंच हे स्पेलिंग सुचवलं.

पेरीचं ते गाणं अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या नंबरवर होतं. बिग स्टार नाही, पण त्यांचा यू तरी नंबर वन झाला!