*गाय गाभडली? वार कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका*



गाय नीट खाते-पिते, अंगात ताप नाही, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात अचानक गाभडते. मग कोणी म्हणतं उष्णता झाली, कोणी म्हणतं दुसऱ्या जनावराने धडक मारली. कधी कधी कारण वेगळंच असतं: निओस्पोरा नावाचा, डोळ्याला न दिसणारा परजीवी.

त्याचा फेरा असा. पडलेला गर्भ किंवा वार आपण उकिरड्यावर टाकतो, कुत्रं ते खातं. परजीवी त्याच्या आतड्यात वाढतो आणि अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा कडब्यात, कुट्टीत, पाण्याच्या हौदात मिसळली की गाईच्या पोटात जाते. कुत्रं बहुधा आजारी दिसत नाही, गायही दिसत नाही.

हा रोग एका गाईकडून शेजारच्या गाईला सरळ लागत नाही. पण आईकडून पोटातल्या वासराला लागतो. अशी कालवड बऱ्याचदा ठणठणीत जन्मते, पण रोग जन्मभर तिच्या अंगात राहतो. पुढे तीही गाभडू शकते, नाहीतर आपल्या वासराला रोग देते. म्हणून गोठ्यात एकही कुत्रं नसलं तरी रोग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

यावर गाईसाठी खात्रीचं औषध नाही, आपल्याकडे लसही नाही. म्हणून एवढं कराच:

✅ गर्भ आणि वार उघड्यावर टाकू नका. डॉक्टरांनी नमुना घेतल्यावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.
✅ वैरण, पेंड, मुरघास झाकून ठेवा. कुत्र्याला त्यावर झोपू देऊ नका. राखणीचं कुत्रं बांधून ठेवा, मारू नका.
✅ गाभडलेल्या गाईचं रक्त तपासून घ्या. निओस्पोरा निघाला तर तिची कालवड पैदाशीसाठी ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा.
✅ गाय विकत घेताना ती किंवा तिची आई कधी गाभडली होती का, हे विचारा.

⚠️ गाभडलेल्या गाईला हातमोजे घालूनच हात लावा, दूध उकळूनच प्या. ब्रुसेल्लानेही गाभ पडतो आणि तो रोग माणसालाही होतो. दोन्हींतला फरक नुसतं बघून कळत नाही, तपासणीतच कळतो.

गाय गाभडली की लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ वर फोन करा. गाभण गाय असलेल्या शेजाऱ्यालाही हा मेसेज दाखवा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी