पन्नास हजारांचं जॅकेट कोणत्या पावसासाठी?

मे महिना संपत आला की ट्रेकला येणाऱ्या मंडळींचे फोन सुरू होतात. किल्ला कोणता, चाल किती, हे प्रश्न नंतर येतात. पहिला प्रश्न जॅकेटचा. "दादा, दोन हजारांचं घेऊ की पंधरा हजारांचं?" परदेशात मुलगा किंवा मुलगी असेल, तर प्रश्न आणखी मोठा होतो. आर्कटेरिक्स या कॅनडाच्या कंपनीचं अल्फा एसव्ही नावाचं जॅकेट अमेरिकेत 900 डॉलरच्या आसपास विकलं जातं. आपल्या हिशेबात ते पंचाहत्तर हजारांच्या वर जातं, शिवाय इकडे मागवायचं तर आयातशुल्क आणि कर आहेतच. त्याच कामासाठी डेकॅथलॉनमध्ये दीड-दोन हजारांत जॅकेट मिळतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्याही बाजारात काही शे रुपयांत पोंचो.

माझं मत आधीच सांगतो. महागडं जॅकेट ही फसवणूक नाही, त्यात खरी कारागिरी असते. पण ते ज्या हवेसाठी बनलंय ती हवा सह्याद्रीत जुलैमध्ये नसते. त्यामुळे पावसाळी ट्रेकसाठी त्यावर पैसे घालू नयेत. असं का, ते नीट समजून घ्यायला हवं.

कापडातून पाणी आत येऊ न देणं ही गोष्ट माणसाला फार पूर्वीच साधली. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 मध्ये कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफचा उद्योग सुरू केला आणि त्यांचा डकबॅक रेनकोट घराघरांत पोचला. तो अंगात घालून शाळेत गेलेली पिढी अजून आहे आणि आतून येणारा घाम तिला चांगला आठवत असेल. खरी अडचण तीच होती. पाणी बाहेर अडवायचं, पण अंगातली वाफ मात्र बाहेर जाऊ द्यायची, हे दोन्ही एकाच कापडाने कसं करायचं?

उत्तर 1969 मध्ये अमेरिकेत सापडलं. बॉब गोर टेफ्लॉनच्या, म्हणजे पीटीएफईच्या, तापवलेल्या कांड्या सावकाश ताणून पाहत होते आणि त्या दर वेळी तुटत होत्या. वैतागून त्यांनी एक कांडी हिसडा देऊन ओढली, तर ती तुटली नाही. मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणली गेली आणि आतून सच्छिद्र झाली. त्यातूनच गोरटेक्स जन्माला आलं आणि 1976 पासून ते गिर्यारोहकांच्या सामानात आलं. या पडद्याच्या एका चौरस इंचात सुमारे 9 अब्ज छिद्रं असतात, असं कंपनी सांगते. प्रत्येक छिद्र पाण्याच्या थेंबाहून 20,000 पटींनी लहान आणि बाष्पाच्या रेणूहून 700 पटींनी मोठं. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते.

पण वाफ आपणहून बाहेर जात नाही. आत बाष्प जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेर ओढली जाते. सगळं गणित याच फरकावर उभं आहे. उणे 5 अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर तीन-साडेतीन ग्रॅम पाणी मावतं. म्हणून हिमालयात बर्फावर चालताना जॅकेटच्या आतली वाफ भराभर बाहेर पडते. आता राजमाचीची वाट घ्या. जुलै महिना, 23 अंश तापमान, ढग अंगावरून जातायत. या हवेच्या एका घनमीटरमध्ये 20 ग्रॅमच्या वर पाणी असतं आणि ती आणखी घ्यायला तयार नसते. चढावर माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज निघतो. त्यातला फार थोडा भाग पडद्यातून बाहेर जातो, उरलेला आतच थबथबतो. शिवाय सलग तीन-चार तास झोडपल्यावर जॅकेटचं वरचं कापड भिजून जड होतं, त्यावर पाण्याचा पापुद्रा बसतो आणि उरलीसुरली वाटही बंद होते. मग वर कोणतंही नाव शिवलेलं असो, खांद्यापासून कोपरापर्यंत माणूस ओलाच.

आपल्या घाटातल्या लोकांनी या प्रश्नावर वेगळाच तोडगा काढला होता. भातलावणीच्या वेळी डोक्यावर घेतलं जाणारं इरलं बघा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचं आच्छादन, हल्ली प्लास्टिकचं. ते डोक्यापासून पाठीपर्यंतचा भाग झाकतं आणि अंगाला चिकटत नाही. खालून, बाजूंनी वारा खेळता राहतो. पाऊस अंगावर पडत नाही आणि घाम कोंडत नाही. पोंचोचं तत्त्वही हेच, म्हणून रानातल्या मळलेल्या वाटेवर साधा, सॅकवरून घालता येणारा पोंचो मला आजही जॅकेटपेक्षा सोयीचा वाटतो. उघड्या धारेवर मात्र तो वाऱ्याने फडफडतो आणि पायाखालची वाट दिसेनाशी होते. तिथे अंगाबरोबर बसणारं जॅकेटच हवं, पण दोन-तीन हजारांचं पुरतं.

कारण तिथे जॅकेटचं खरं काम वारा अडवणं हे आहे. भिजलेल्या अंगातून पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून घेतं. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर, कळसूबाईच्या शेवटच्या टप्प्यात पावसात थांबलेली माणसं ऑगस्टमध्येही गारठून गळून जातात. ओलं असणं चालतं, ओलं असताना वाऱ्यात बसणं चालत नाही. त्यासाठी आत पॉलिस्टरचा टी-शर्ट हवा. पॉलिस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओल धरून ठेवत नाही, सुती कापड मात्र चिंब होऊन अंगाला चिकटून राहतं. तीनशे रुपयांची फुटबॉलची जर्सी इथे कुठल्याही नामांकित टी-शर्टइतकीच कामाची. आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा कपड्यांचा जोड. तो मुक्कामी पोचेपर्यंत कितीही मोह झाला तरी काढायचा नाही.

मग पन्नास-पाऊणशे हजारांत नेमकं काय मिळतं? जॅकेट उलटं करून शिवणी पाहा. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी तापवून चिकटवलेली असते, कारण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची जागा. स्वस्त जॅकेटमध्ये ही पट्टी रुंद, कडक असते आणि वळणावर सुरकुतते. चांगल्या जॅकेटमध्ये ती अरुंद, मऊ आणि बगलेच्या वळणावरही सपाट बसलेली. टोपी घालून मान वळवा: चांगली टोपी मानेबरोबर फिरते, साधी तशीच राहते आणि तुम्ही टोपीच्या अस्तराकडे बघत बसता. काखेत चेन असते, ती उघडली की वारा आत येतो. पडदा दोन्ही बाजूंनी कापडात बांधलेला असतो, त्यामुळे सॅकच्या पट्ट्यांनी घासून तो लवकर विरत नाही. बर्फात, कातळावर महिना महिना राहणाऱ्या माणसासाठी यातली एकेक गोष्ट पैशांच्या मोलाची आहे.

उरलेला पैसा मात्र नावाचा, दुकानाच्या भाड्याचा, जाहिरातीचा आणि कराचा. शिलाई बहुधा आशियातच होते. यंगवन ही कोरियन कंपनी बांगलादेश आणि व्हिएतनाममधल्या आपल्या कारखान्यांत द नॉर्थ फेससह अनेक ब्रँडचे कपडे शिवते. आपल्याकडे सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरच्या कपड्यावर 18 टक्के जीएसटी आहे, हेही हिशेबात धरा.

पॅटागोनियाचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या खरेदीच्या दिवशी या कंपनीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन 'हे जॅकेट घेऊ नका' असं ग्राहकांना सांगितलं. गरज नसताना घेऊ नका, असलेलं दुरुस्त करा, हा त्यामागचा आग्रह. संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनी 2022 मध्ये कंपनीची मालकी एक ट्रस्ट आणि पर्यावरणाचं काम करणारी संस्था यांच्याकडे सोपवली. अशा कंपनीला चार पैसे जास्त द्यावेत असं कुणाला वाटलं, तर मला ते पटतं. पण दुरुस्तीची हमी ही त्या किमतीचा मोठा भाग असते. फाटलेलं जॅकेट आपल्या गावातून पाठवायचं कुठे, हे विकत घेण्याआधी विचारून घ्या. त्याची सोय नसेल, तर त्या हमीचा आपल्याला उपयोग नाही.

टिकण्याच्या बाबतीत आपली हवाच मोठी शत्रू आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यानंतर जॅकेट घडी घालून कपाटात टाकलं, की दमटपणामुळे आतलं पॉलियुरेथेनचं अस्तर हळूहळू विघटित होतं. एके दिवशी उघडावं तर ते चिकट झालेलं आणि पांढरे पापुद्रे सुटत असलेले. महागड्या जॅकेटच्या शिवणींवरच्या पट्ट्याही अशाच सुटतात. म्हणून जॅकेट पूर्ण वाळवून हॅंगरला मोकळं टांगावं. ते धुवावं, कारण घाम आणि मळ पडद्याची छिद्रं बुजवतो. मात्र फॅब्रिक कंडिशनर कधीही वापरू नये. वरून पाणी ओघळेनासं झालं तर कापडावर पुन्हा लावायचा द्राव बाजारात मिळतो. पूर्वी या लेपांत वर्षानुवर्षं न विघटणारी फ्लोरिनची रसायनं असत. ती नदीनाल्यांत आणि माणसांच्या रक्तात सापडल्यावर कायदे आले, कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून बहुतेक कपड्यांत त्यांना बंदी आहे. नवे लेप निसर्गाला बरे, पण तेलकटपणापुढे कमी टिकतात. म्हणजे धुण्याचं महत्त्व आणखी वाढलं.

उबदार कपड्यांचा हिशेब वेगळा. फ्लीसवर जास्त खर्च करू नका. हे कापड 1979 च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या माल्डन मिल्समध्ये तयार झालं आणि मालकांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. म्हणूनच ते जगभर स्वस्तात बनतं आणि हजाराचं फ्लीस सहा हजारांच्या फ्लीसला जवळजवळ तोडीस तोड असतं. पिसांच्या जॅकेटमध्ये मात्र किमतीला अर्थ आहे. '800 फिल' म्हणजे 28 ग्रॅम पिसं फुलून सुमारे 13 लिटर जागा व्यापतात. '600 फिल'ची तेवढीच पिसं दहा लिटरच्या आतच. जितकी जास्त हवा धरून ठेवली जाईल, तितकी कमी वजनात ऊब. पण भिजलेली पिसं गोळा होतात आणि ऊब संपते, म्हणून सह्याद्रीच्या पावसात ती नेऊच नयेत.

राहिले बूट. इथे स्वस्तात उत्तम मिळाल्याचं उदाहरण आपल्याच डोंगरांत आहे. अॅक्शनचे साधे ट्रेकिंग बूट महाराष्ट्रातल्या ट्रेकर्सनी ओल्या कातळावरच्या पकडीसाठी डोक्यावर घेतले. त्याच कातळावर जाड, टणक तळव्याच्या महागड्या परदेशी बुटांवरून माणसं घसरताना मी पाहिली आहेत, कारण तो तळवा माती आणि बर्फासाठी असतो. शेवाळावर मात्र कुठलाच बूट भरवशाचा नाही.

हिमालयात पहिल्यांदाच जात असाल, तर जड जॅकेट भाड्याने घ्या. मनाली, लेहपासून काठमांडूच्या थामेलपर्यंत ते मिळतं. थामेलमध्ये नामांकित ब्रँडच्या नकलाही उघड विकल्या जातात, तेवढं भान ठेवा. उत्तरकाशीच्या निम किंवा दार्जिलिंगच्या एचएमआय या गिर्यारोहण संस्थांमध्ये बेसिक कोर्सला निघाला असाल, तर संस्थेकडून काय सामान मिळतं ते आधी विचारा आणि मगच खरेदी करा. दरवर्षी बर्फात जाणार असाल, पाच-सहा हजार मीटरच्या वरची शिखरं डोक्यात असतील, तर मात्र हात आखडू नका. तिथे वादळात टोपी किंवा चेन दगा देणं जिवावर बेतू शकतं.

घ्यायचं ठरलंच, तर दुकानात आपली भरलेली सॅक घेऊन जा. आत फ्लीस घालून वर जॅकेट चढवा, सॅक पाठीला लावा आणि दोन्ही हात कातळ धरल्यासारखे डोक्यावर न्या. मनगटं उघडी पडली किंवा कंबर उघडी झाली, तर ते जॅकेट कितीही नावाजलेलं असो, परत ठेवा.