पोर्ट्रेटसाठी कोणती लेन्स घ्यावी? आधी खोली मोजा, मग पैसे मोजा

हळदीचा कार्यक्रम, हात लांब करून काढलेला सेल्फी आणि फोटो बघितल्या बघितल्या पहिली तक्रार, "माझं नाक एवढं मोठं आहे?" मग कोणीतरी सल्ला देतं, चांगला कॅमेरा घे, ८५ एमएमची लेन्स लाव, चेहरा भारी येतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. तेवढ्यावर लेन्स घेतली की घरी पाठ भिंतीला टेकते आणि समोरचा माणूस तरीही फ्रेममध्ये मावत नाही.

नाक मोठं का दिसतं?

यात दोष नाकाचा नसतो, लेन्सचाही नसतो. दोष अंतराचा असतो.

नाकाच्या शेंड्यापेक्षा कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतात. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटिमीटरवर जातात. त्यामुळे कानांच्या तुलनेत नाक सुमारे ४० टक्के मोठं उमटतं. कॅमेरा दीड मीटर मागे नेला, की हाच फरक ८ टक्क्यांवर येतो.

२०१८ मध्ये 'जामा फेशियल प्लास्टिक सर्जरी' या जर्नलमध्ये याचं गणित प्रसिद्ध झालं. ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा १२ इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं त्यात आढळलं. हा अभ्यास करण्यामागे कारणही तसंच होतं. नाकाची सर्जरी करायला आलेले पेशंट पुरावा म्हणून डॉक्टरांना सेल्फी दाखवत होते.

मग लेन्सचं काम काय?

लेन्स ठरवते, फोटो काढणारा कुठे उभा राहणार. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरून डोकं आणि खांदे फ्रेममध्ये भरायचे असतील, तर २४ एमएमला जेमतेम ४० सेंटिमीटरवर जावं लागतं. ८५ एमएमला तेच काम सुमारे १.४ मीटरवरून होतं. माणूस लांब राहतो, म्हणून चेहरा नैसर्गिक दिसतो.

याच कारणामुळे ८५ ते १३५ एमएम हा पोर्ट्रेटचा पट्टा मानला जातो. स्टीव्ह मॅककरी यांचा १९८४ मधला जगप्रसिद्ध 'अफगाण गर्ल' फोटो १०५ एमएमच्या लेन्सवर काढलेला आहे.

सेन्सर विसरू नका

८५ एमएमचा सल्ला फुल फ्रेम कॅमेऱ्यासाठी असतो. सुरुवात करणाऱ्यांकडे बहुतेकदा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असतो. अशा कॅमेऱ्यात निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मसाठी लेन्सचा आकडा दीडपट धरायचा, कॅननसाठी १.६ पट. म्हणजे ५० एमएमची लेन्स ७५ ते ८० एमएमसारखी वागते आणि ८५ एमएमची जवळपास १३० एमएमसारखी.

आता टेप घ्या

क्रॉप सेन्सरवर ८५ एमएमने डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायला सुमारे ७ मीटर जागा लागते. ५० एमएमला सव्वाचार मीटर, ३५ एमएमला ३ मीटर. १० बाय १२ फुटांच्या खोलीची लांब बाजूसुद्धा साडेतीन मीटरच्या आसपासच असते. तिथे ८५ एमएम लावून फक्त चेहरा मिळतो, नवी साडी नाही. बाग, गच्ची किंवा मोठं लग्नाचं लॉन असेल, तर मात्र हीच लेन्स कमाल करते.

एफ १.४ की एफ १.८?

हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त आणि बॅकग्राउंड जास्त ब्लर. पण त्याची किंमत खिशाबरोबर फोकसलाही मोजावी लागते. फुल फ्रेमवर ८५ एमएम, एफ १.४ आणि दीड मीटर अंतर असेल, तर फक्त अडीच सेंटिमीटरचा पट्टा शार्प राहतो. चेहरा जरा वळला की एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर. दोघांचा फोटो असेल तर एक जण हमखास आउट ऑफ फोकस. म्हणून महागडी एफ १.४ घेऊनही अनेक फोटो एफ २.८ किंवा एफ ४ वरच काढावे लागतात.

थोडक्यात काय घ्यावं?

क्रॉप सेन्सर आणि कमी बजेट असेल, तर ५० एमएम एफ १.८. ही सहसा सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते. घरातच शूट करायचं असेल, तर ३५ एमएम. फुल फ्रेम आणि मोकळी जागा असेल, तर ८५ एमएम एफ १.८.

त्याआधी एक फुकटची टेस्ट करता येते. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स आधी ३५ वर, मग ५० वर ठेवून घरातल्या माणसांचे फोटो काढा. जिथे मागे सरकायला जागा उरते आणि चेहराही छान दिसतो, तो आकडा तुमचा.

आणि कॅमेराच नसेल तर? फोन दुसऱ्याच्या हातात द्या, त्याला चार-पाच फूट मागे उभं करा आणि २एक्स दाबायला सांगा. नाक आपोआप जागेवर येईल.