राज्य कोणावर?

लंडनच्या रस्त्यावर पोलीस आणि मताधिकार मागणाऱ्या बायका यांच्यात बरोबरी कधीच नव्हती. पटावर मात्र होती. एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ मध्ये स्थापन केलेल्या ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’नं १९०८-०९च्या सुमारास ‘सफ्रजेटो’ नावाचा दोघांनी खेळायचा खेळ काढला. २१ सोंगट्या बायकांच्या, २१ पोलिसांच्या. बायकांनी फळी फोडून हाउस ऑफ कॉमन्समध्ये सहा सोंगट्या घुसवायच्या आणि पोलिसांनी बायकांच्या सभेच्या अल्बर्ट हॉलमध्ये सहा. चढाईला जास्त सोंगट्या धाडल्या की मागं आपलंच घर उघडं पडतं, हीच यातली गंमत. मार खाल्लेला पोलीस पटाच्या कडेला इस्पितळात जातो, पकडलेली बाई तुरुंगात. या खेळाचा माहीत असलेला एकमेव संच आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

मला या पटावर खटकते ती ही एकवीसास एकवीसची बरोबरी. १८ नोव्हेंबर १९१० रोजी सुमारे ३०० बायका पार्लमेंटवर चालून गेल्या, तेव्हा पोलिसांनी आणि बघ्यांनी कित्येक तास त्यांना बडवलं, त्यांच्या अंगाशी झोंबाझोंबी केली. इंग्लंडच्या इतिहासात तो दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून नोंदला गेला. पण युनियनचीही अडचण समजून घ्यायला हवी. पोलीस व्हायला समोर कुणी बसलंच नाही तर डाव रंगणार कसा? आणि बसणाऱ्याला जिंकायची निम्मी तरी आशा नको?

जुलमी सत्तेशी झुंजण्याचा खेळ बेतणाऱ्या प्रत्येकाला हा पेच पडतो. आपल्याकडच्या वाघ-बकरीच्या खेळाला तो पडला नाही, कारण वाघ व्हायला सगळेच एका पायावर तयार असतात. तशाच नेपाळच्या ‘बाघचाल’मध्ये चार वाघ आणि वीस बकऱ्या असतात. वाघानं पाच बकऱ्या खाल्ल्या की तो जिंकला. बकरीला मारता येतच नाही, सगळ्यांनी मिळून वाघांना हलायला जागा ठेवायची नाही, एवढंच तिच्या हाती. सत्याग्रहाचं गणित जवळपास असंच आहे. पण वाघाला भूक असते, विचारसरणी नसते. त्याच्या जागी गुलामांचा मालक ठेवून बघा.

ब्रायन मेयर हे अमेरिकेतले शाळेचे ग्रंथपाल. त्यांचा ‘फ्रीडम : द अंडरग्राउंड रेलरोड’ हा खेळ दशकभरापूर्वी आला, आणि त्यांनी मालकाची खुर्चीच काढून टाकली. खेळणारे सगळे गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते, सगळे एका बाजूचे. दक्षिणेच्या मळ्यांतून एकेक लाकडी ठोकळा, म्हणजे एकेक गुलाम, गावोगाव लपवत कॅनडापर्यंत पोचवायचा. गुलाम पकडणारे हस्तक नकाशावरच्या रंगीत वाटांवर फिरतात, तेही फाशांवर आणि नियमांवर. दर फेरीला बाजारातून नवे गुलाम मळ्यांवर येऊन पडतात. मळ्यात जागा उरली नाही, तर जादाचे ठोकळे कायमचे गेले, आणि असे फार गेले की सगळेच हरले.

खुर्ची काढली म्हणून जुलूम थोडाच जातो? हस्तकाच्या वाटेवर ठोकळा आला की हस्तक एक घर त्या बाजूला सरकतो. हे ध्यानात आलं की खेळणारे त्याचा फायदा घेऊ लागतात. चौघं डोकी जवळ आणून ठरवतात : हा एक पुढं करू, हस्तक त्याच्यामागं जाईल, मागचे तिघं निसटतील. पकडला गेला तर तो पुन्हा बाजारात. बोलणारे सगळे सज्जन, हेतू चांगला, हिशोबही बिनचूक. फक्त ठोकळ्याला कुणी विचारलेलं नसतं. प्रतिकाराच्या खेळांत इतकी अवघड जागा मला दुसरीकडं दिसली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, तेच हे गुलामगिरीविरुद्ध झटणारे लोक. मराठी घरात हा पट मांडला गेला तर निदान पार्श्वभूमी समजावून सांगायला नको.

याच्या अगदी उलट वाट ब्रूस मॅन्सफील्ड यांच्या ‘गांधी’ची. जीएमटी कंपनीनं २०१९ मध्ये काढलेला हा खेळ १९१७ ते १९४७ ही तीस वर्षं पटावर आणतो. तो ज्या मालिकेतला, ती सुरू केली व्होल्को रूंके यांनी, जे सीआयएमध्ये विश्लेषक होते! बंडखोरी मोडणं हा त्या मालिकेचा मूळ विषय. शस्त्र न धरणारे पक्ष तिच्यात पहिल्यांदा आले ते या खेळात. काँग्रेस, मुस्लिम लीग, क्रांतिकारक, आणि चौथ्या खुर्चीत ब्रिटिश राज. म्हणजे तुमच्यातल्या एकाला साहेब व्हावंच लागतं, कार्यकर्ते तुरुंगात टाकावे लागतात, वर जिंकण्याची इच्छाही धरावी लागते. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं, कारण सत्ता आतून कसा विचार करते हे फाशांकडून शिकता येत नाही. तक्रार आहे ती वेगळी. चार खुर्च्यांत आंबेडकरांची खुर्ची नाही, त्यामुळे पुणे कराराचा देश या पटावर अर्धाच दिसतो.

सत्तेला स्वतःचं चित्र पटावर बघणं सहसा रुचत नाही. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेनं २०११ मध्ये काढलेला ‘कोलेयका’, म्हणजे कम्युनिस्ट काळातल्या रिकाम्या दुकानांपुढच्या रांगांचा खेळ, २०१६ मध्ये रशियात रशियाविरोधी ठरवला गेला आणि विक्रीतून गेला. हाँगकाँग त्याच्या बरंच पुढं गेलं. ‘रिव्हर्स्ड फ्रंट’ हा तैवानी खेळ २०२० साली पटावर आला, पुढं मोबाइलवर. खेळणाऱ्यानं तैवान, हाँगकाँग, तिबेट, उईघुर, मंगोलिया यांपैकी बाजू घ्यायची आणि बीजिंगची राजवट उलथवायची. १० जून २०२५ रोजी हाँगकाँग पोलिसांनी जाहीर केलं की हा खेळ सशस्त्र क्रांतीला चिथावतो. मोबाइलवर तो उतरवून घेणाऱ्यावर राजद्रोही प्रकाशन बाळगल्याचा आणि त्यात पैसे भरणाऱ्यावर फुटीरांना निधी पुरवल्याचा आरोप येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी ॲपलच्या तिथल्या दुकानातून खेळ गायब झाला. या खेळात आणखी एक बाजू निवडता येते : कम्युनिस्टांचं सैन्य घेऊन सगळ्या बंडखोरांना चिरडण्याची. त्या बाजूनं खेळणाऱ्यांना पोलिसांनी सवलत दिलेली नाही.